वापरलेले पाणी जाते कुठे?

नळाला पाणी आले नाही, तर ते साऱ्या घराच्या लक्षात येते. पण वापरलेले पाणी मोरीतून बाहेर गेले, की त्याची आठवण कोणी ठेवत नाही. हे पाणी पुढे कुठे जाते, त्याचा त्रास कोणाला होतो आणि एखादे लहान गावसुद्धा ते कसे स्वच्छ करू शकते, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुलांनो, आज सकाळपासून तुम्ही किती पाणी वापरले? तोंड धुतले, अंघोळ केली, वुजूसाठी पाणी घेतले, जेवणानंतर हात धुतले. घरात भांडी घासली गेली, कपडे धुतले गेले. यांतील पिण्याचे थोडे पाणी सोडले, तर बाकीचे पाणी कुठे गेले? मोरीतून नालीत गेले, असे तुम्ही सांगाल. आणि नालीतून? येथे बहुतेक जण थांबतात. आज आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू.

आधी थोडा हिशोब करू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशन या योजनेत खेड्यातील प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे ठरवले आहे. घरात पाच माणसे असतील, तर रोज २७५ लिटर पाणी लागेल. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे एका घरातून रोज सुमारे २२० लिटर, साधारण पंधरा बादल्या सांडपाणी निघते. दोन हजार वस्तीच्या गावात हा आकडा ८८ हजार लिटरवर जातो. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर रोज गावातून बाहेर पडतात, असे समजा. गावात पाणी आणणारा टँकर सर्वांना दिसतो. बाहेर जाणारे हे टँकर मात्र कोणाला दिसत नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. तेथेच औट्रम घाट व गौताळ्याचे अभयारण्य आहे. या डोंगरांच्या पायथ्याशी कन्नड हे तालुक्याचे गाव वसले आहे. कन्नडजवळून शिवना नदी वाहते. पावसाचे पाणी जसे उताराने नदीकडे जाते, तसेच नाल्यांतील सांडपाणीही उताराने नदीकडे जाते. शिवना तेथे थांबत नाही. ती दक्षिणेकडे वाहते, लासूरजवळून पुढे जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. गोदावरीचे पाणी पैठणजवळ जायकवाडीच्या धरणात अडवले आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. छत्रपती संभाजीनगर शहराला पिण्याचे पाणी याच नाथसागरातून येते.

पाहिलेत ना? डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावाची नाली आणि दूरच्या शहरातील नळ यांना नदीने जोडले आहे. आपण जे पाणी टाकून देतो, ते खालच्या गावाला मिळते. वरच्या गावाने टाकलेले पाणी आपल्याला मिळते. नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक वरचा शेजारी असतो आणि एक खालचा शेजारी असतो.

पाणी आणण्यासाठी माणसाने नेहमीच मोठी मेहनत घेतली आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. पुढे त्याचेच औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. मलिक अंबरने डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरींमधून शहरात आणले. ही नहर आजही ‘नहर-ए-अंबरी’ म्हणून ओळखली जाते. चारशे वर्षांपूर्वीची ती कारागिरी पाहून आजचे इंजिनिअरही थक्क होतात. पण पाणी आणणे हे निम्मेच काम आहे. वापरलेले पाणी नीट बाहेर नेणे आणि त्याला स्वच्छ करून सोडणे हे उरलेले निम्मे काम आहे. या दुसऱ्या कामाकडे जगात सगळीकडेच फार उशिरा लक्ष गेले.

या दुर्लक्षाची किंमत लंडन शहराने १८५४ मध्ये मोजली. त्या वर्षी तेथील ब्रॉड स्ट्रीट या भागात कॉलऱ्याची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. दुर्गंधीच्या हवेतून रोग पसरतो, असे तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानत असत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना ते पटले नाही. कोणत्या घरात किती माणसे दगावली, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारले आणि नकाशावर खुणा केल्या. बहुतेक खुणा एका हापशाच्या आसपास होत्या. त्यांच्या सांगण्यावरून त्या हापशाचा दांडा काढून टाकण्यात आला. नंतर असे आढळले, की हापशाच्या विहिरीपासून अवघ्या काही फुटांवर एका घराचा मैल्याचा खड्डा होता. त्या खड्ड्यातील घाण झिरपून विहिरीत उतरत होती. वरून पाणी स्वच्छ दिसत होते. लोक ते विश्वासाने पीत होते.

ही गोष्ट केवळ लंडनची नाही आणि केवळ जुनीही नाही. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येते तेव्हा नळाची पाइपलाइन भरलेली असते. पाणी बंद झाले, की ती रिकामी होते. अशी पाइपलाइन नालीतून जात असेल आणि तिला कुठे बारीक चीर असेल, तर नालीतील घाण पाणी रिकाम्या पाइपमध्ये ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सुटला, की तेच पाणी आधी घरात येते. हगवण, विषमज्वर, कावीळ आणि कॉलरा हे आजार असेच पसरतात. त्यांचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना होतो. म्हणून नालीचा प्रश्न हा केवळ घाण वासाचा प्रश्न नाही. तो जीविताचा प्रश्न आहे.

सांडपाण्यात असते तरी काय? तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण सांडपाण्याच्या हजार भागांपैकी ९९९ भाग निव्वळ पाणीच असते. उरलेल्या एका भागात अन्नाचे कण, साबण, तेल, माती, मैला आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. एवढीशी घाण नदीचे काय बिघडवणार, असे वाटते. पण आणखी एक हिशोब पाहा. नदीतील मासे पाण्यात मिसळलेल्या प्राणवायूवर जगतात. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये हा प्राणवायू साधारण आठ मिलिग्रॅमच असतो. सांडपाणी नदीत आले, की सूक्ष्मजीव त्यातील घाण खाऊ लागतात आणि त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरतात. एक लिटर सांडपाण्यातील घाण खाण्यासाठी त्यांना २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी निदान पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातील प्राणवायू संपवते. प्राणवायू संपला, की मासे मरतात, पाणी काळे पडते आणि त्याला घाण वास येऊ लागतो. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी असते, तेव्हा ती हे ओझे पेलते. उन्हाळ्यात नदी आटते. तेव्हा तिच्यात नालीचेच पाणी उरते.

निसर्गात घाण साफ करण्याची शक्ती आहे. त्याला जागा, वेळ, हवा आणि ऊन मिळायला हवे. शहरातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हेच काम थोड्या जागेत आणि थोड्या वेळात करून घेतात. या केंद्रात पाणी एकामागून एक अशा टप्प्यांतून जाते.

पहिल्या टप्प्यात पाणी लोखंडी जाळीतून जाते. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काड्या तेथे अडकतात. नंतर एका लहान हौदात वाळू व खडे खाली बसतात.

दुसऱ्या टप्प्यात पाणी मोठ्या हौदात सुमारे दोन तास संथ ठेवतात. गढूळ पाणी भांड्यात ठेवले, की गाळ तळाशी बसतो, हे तुम्ही घरी पाहिले असेल. या हौदातही तेच घडते. पाण्यात तरंगणाऱ्या कणांपैकी निम्म्याहून अधिक कण येथे खाली बसतात.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. पाण्यात विरघळलेली घाण जाळीत अडकत नाही आणि तळाशीही बसत नाही. ती सूक्ष्मजीवच खाऊ शकतात. म्हणून या हौदात यंत्राने सतत हवा सोडतात. भरपूर प्राणवायू मिळाला, की सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात आणि घाण फस्त करतात. नंतर पुढच्या हौदात या सूक्ष्मजीवांचा गाळ तळाशी बसतो. त्यातील काही गाळ पुन्हा हवेच्या हौदात सोडतात, म्हणजे काम करणारे सूक्ष्मजीव कमी पडत नाहीत. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात आर्डेन आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. आज जगातील असंख्य शहरे ती वापरतात.

शेवटच्या टप्प्यात क्लोरीन घालून उरलेले रोगजंतू मारतात. तळाशी बसलेला गाळ बंद टाकीत कुजवला, तर त्यापासून जळणाचा गॅस मिळतो. उरलेला गाळ नीट प्रक्रिया करून खत म्हणून वापरता येतो.

आपल्या जिल्ह्यात छत्रपती संभाजीनगर येथे कांचनवाडीला असे मोठे केंद्र आहे. रोज १६ कोटी १० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. नागपूर शहराने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथील भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजनिर्मिती केंद्राला दिले जाते. विजेच्या कारखान्याला पाणी फार लागते. त्याने सांडपाणी घेतले, की तेवढे धरणाचे चांगले पाणी वाचते.

मोठ्या शहराला हे जमते. पण पिशोर, हतनूर किंवा चापानेर यांसारख्या गावांनी काय करावे? मोठी यंत्रे घ्यायला पैसा हवा. ती रात्रंदिवस चालवायला वीज हवी. ती बिघडली, तर दुरुस्त करायला माणूस हवा. वीज गेली आणि हवा बंद पडली, की सूक्ष्मजीव मरतात आणि केंद्र नुसते नावाला उरते. म्हणून लहान गावाने यंत्रापेक्षा मातीची, उन्हाची आणि झाडांची मदत घ्यावी.

मराठवाड्यातीलच एका गावाने हे करून दाखवले आहे. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. या गावाने घरोघरी शोषखड्डे केले. खड्डा साधाच असतो. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल. मधोमध सिमेंटचे टाके ठेवतात. टाक्याच्या वरच्या भागात भोके असतात. टाक्याच्या भोवती दगड आणि खडी भरतात. मोरीचे पाणी पाइपने थेट टाक्यात येते. घाण टाक्याच्या तळाशी बसते. वरचे निवळ पाणी भोकांतून बाहेर पडते, दगडांमधून हळूहळू खाली उतरते आणि जमिनीत मुरते. खड्डा वरून झाकलेला असल्यामुळे डासांना आत जाता येत नाही. लोकांनी या खड्ड्याला ‘मॅजिक पिट’, म्हणजे जादूचा खड्डा, असे नाव दिले. टेंभुर्णीत उघड्या नाल्या राहिल्या नाहीत आणि डास खूप कमी झाले. पुढे नांदेड जिल्ह्यातील अनेक गावांनी हा मार्ग धरला आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

डासांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हत्तीरोग पसरवणारा डास घाण पाण्यात वाढतो. शोषखड्ड्यामुळे त्याची जागाच नाहीशी होते. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून शोषखड्डा केला तरी घरातील रांजण व टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करायलाच हव्यात.

शोषखड्डा सर्वत्र सारखा चालत नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, पण चटकन मुरू देत नाही. अशा जागी खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हापसा निदान पंधरा मीटर दूर असावा. लंडनच्या हापशाची गोष्ट आठवा, म्हणजे हे अंतर का ठेवायचे, ते कळेल. टाक्यात साचलेला गाळही वेळोवेळी काढावा लागतो. तो काढला नाही, तर जादूचा खड्डा काही वर्षांत तुंबतो आणि लोक म्हणतात, की योजनाच वाईट होती.

जेथे घरे दाटीने वसली आहेत आणि अंगणात खड्ड्याला जागा नाही, तेथे नाल्यांचे पाणी गावाबाहेर एका ठिकाणी आणता येते. आधी ते जाळीतून व हौदातून जाऊ द्यायचे. मग खडी भरलेल्या उथळ वाफ्यातून हळूहळू वाहू द्यायचे. या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावतात. त्यांच्या मुळांभोवती आणि खडीवर सूक्ष्मजीव वस्ती करतात आणि घाण खातात. दुसरा उपाय उथळ तळ्यांचा आहे. तळ्यात शेवाळ वाढते. उन्हामध्ये ते प्राणवायू तयार करते आणि सूक्ष्मजीव त्यावर आपले काम करतात. याला विजेचा खर्च नाही. मात्र जागा जास्त लागते आणि पाणी तळ्यात बरेच दिवस ठेवावे लागते. ऊन आपल्याकडे भरपूर आहे. या पाण्यावर झाडे आणि कापसासारखे पीक घेता येते. कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र ते देऊ नये.

शौचालयाचे पाणी या सर्वांपेक्षा वेगळे असते. त्याला मैलापाणी म्हणतात. ते कधीही उघड्या नालीत सोडू नये. पुष्कळ घरांत सेप्टिक टँक असतो आणि त्याचे पाणी नालीत काढून दिलेले असते. टाकीतून बाहेर आलेले पाणी स्वच्छ झाले, असे लोक समजतात. ते खरे नाही. टाकीत फक्त गाळ खाली बसतो. रोगजंतू पाण्याबरोबर बाहेर येतात. खेड्यात जागा असेल, तर दोन खड्ड्यांचे शौचालय चांगले. एक खड्डा भरला, की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत मातीसारखे खत होते. त्याला वास येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही. गटार किंवा सेप्टिक टँक तुंबला, की तो साफ करायला कोणाला तरी बोलावले जाते. अशा टाकीत विषारी वायू साठलेले असतात. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही मरण पावतो. अशी कितीतरी कुटुंबे आपल्या देशात उघड्यावर पडली आहेत. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून मैला साफ करून घेण्यास आणि त्याला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवण्यास बंदी घातली आहे. हे काम यंत्राने, मैला उपसणाऱ्या गाडीने करायचे असते. तुमच्या समोर कोणी टाकीत उतरू लागला, तर त्याला थांबवा, मोठ्या माणसांना हाक मारा. दोन पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे.

गावाचे सांडपाणी सांभाळणे हे खेड्यात ग्रामपंचायतीचे आणि कन्नडसारख्या शहरात नगरपरिषदेचे काम आहे. नदीत घाण सोडू नये, असा कायदाही आपल्या देशात १९७४ पासून आहे. पण कायदा मोरीपर्यंत येऊन पाहत नाही. ताटातील खरकटे आणि तळणीचे उरलेले तेल मोरीत न ओतणे, नालीत पिशवी न टाकणे, हे आपल्याच हातात आहे. एका पिशवीने नाली तुंबते आणि साऱ्या गल्लीत पाणी साचते. ग्रामसभेत रस्ता, दिवे आणि नळ यांविषयी सर्व जण बोलतात. वापरलेल्या पाण्याविषयी विचारणारा एखादाच असतो. तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना हा प्रश्न विचारायला सांगू शकता.

पुढच्या वेळी मोरीत बादली रिकामी कराल, तेव्हा एक क्षण थांबा. ते पाणी कोणत्या वाटेने जाईल, हे आता तुम्हांला माहीत आहे. त्या वाटेवर एखाद्या गावात तुमच्याच वयाचा मुलगा किंवा मुलगी हापशावर घागर भरत असेल. आपल्या वरच्या गावाने आपल्याकडे जसे पाणी पाठवावे असे आपल्याला वाटते, तसेच पाणी आपण त्यांच्याकडे पाठवायला हवे.

शब्दार्थ

सांडपाणी – घरात वापरून झालेले पाणी
मैलापाणी – शौचालयातून येणारे पाणी
मोरी – घरात भांडी, कपडे धुण्याची जागा
नहर – पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेली वाट
हापसा – हाताने पाणी उपसण्याचा पंप
झिरपणे – थोडे थोडे पाझरणे
दगावणे – मरण पावणे
प्राणवायू – ऑक्सिजन
सूक्ष्मजीव – डोळ्यांना न दिसणारे जीव
निवळ – गाळ खाली बसलेले, स्वच्छ
मुरणे – जमिनीत शिरणे
फस्त करणे – खाऊन संपवणे
उघड्यावर पडणे – निराधार होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कन्नडजवळून कोणती नदी वाहते?
(आ) नाथसागराचे पाणी कोणत्या शहराला मिळते?
(इ) डॉक्टर जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून काय करण्यात आले?
(ई) टेंभुर्णी हे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) उन्हाळ्यात सांडपाण्यामुळे नदीचे जास्त नुकसान होते.
(आ) शुद्धीकरण केंद्रातील हौदात सतत हवा सोडतात.
(इ) काळ्या मातीत शोषखड्डा खोल न्यावा लागतो.
(ई) सेप्टिक टँकचे पाणी नालीत सोडू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शोषखड्डा कसा तयार करतात?
(आ) ‘नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक वरचा शेजारी असतो आणि एक खालचा शेजारी असतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. खालील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वच्छ, उथळ, संथ, आत, रिकामे

प्र. ५. खालील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) पाणी जमिनीत मुरते.
(आ) सूक्ष्मजीव घाण खातात.
(इ) ग्रामसभेत सर्व जण बोलतात.

प्र. ६. हिशोब करा.
तुमच्या घरात किती माणसे आहेत? प्रत्येकाला रोज ५५ लिटर पाणी मिळाले, तर घरातून रोज किती सांडपाणी बाहेर पडेल? वर्षभरात किती?

उपक्रम : तुमच्या घरापासून निघालेले सांडपाणी कोणत्या गल्लीतून, कोणत्या नाल्यातून आणि कोणत्या नदीकडे जाते, ते मोठ्या माणसांबरोबर जाऊन पाहा. त्याचा एक साधा नकाशा काढा आणि वर्गात लावा. नकाशात विहिरी व हापसे लाल रंगाने दाखवा.